जपानी शिकताय? मग रोज पाच वाक्ये स्वतःची लिहा

जपानी भाषेची परीक्षा पास झालेला तरुण जपानी गिऱ्हाइकाला दोन ओळींचे पत्र लिहू शकत नाही, हे ऐकायला विचित्र वाटते. पण असे तरुण आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्याचे कारणही साधे आहे. जपानी भाषेची जी परीक्षा जगभर घेतली जाते, जिला जेएलपीटी म्हणतात व जिची केंद्रे पुण्यात आणि मुंबईतही आहेत, तिच्यात शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते. दिलेल्या उत्तरांतून बरोबर उत्तर निवडून खूण करायची असते. स्वतःचे एकही वाक्य लिहावे लागत नाही. जे विचारले जात नाही, त्याची तयारी कोणी करीत नाही. परिणामी प्रमाणपत्र हातात येते, पण भाषा हातात येत नाही.

व्यापाऱ्याचे आणि कारागिराचे काम मात्र खुणा करून भागत नाही. माल किती, कधी पाठवणार, दर काय, नमुना आवडला की नाही, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगावे लागते. म्हणून शिकण्याच्या पहिल्या महिन्यापासूनच स्वतःची वाक्ये लिहिण्याची सवय कशी लावावी, याविषयी आम्ही येथे सविस्तर लिहीत आहोत.

हा संबंध आजचा नाही

जपानशी आपल्या व्यापाराचा संबंध जुना आहे. १८९३ साली निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीने मुंबई ते जपान अशी बोटींची फेरी सुरू केली. या फेरीने मुख्यतः आपला कापूस जपानी गिरण्यांकडे जात असे. कोबे आणि योकोहामा या बंदरांत भारतीय व्यापाऱ्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. कोबे येथील मशीद १९३५ साली उघडली. ती तेथील मुस्लिम व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून बांधली गेली व त्यांत भारतीय व्यापारीही होते. मौलवी बरकतुल्ला भोपाळी हे १९०९ ते १९१४ या काळात टोकियोत जपानी विद्यार्थ्यांना उर्दू शिकवीत होते. जपानी माणूस आपली भाषा शिकायला बसला, त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

अलीकडच्या काळात दोन गोष्टी घडल्या. भारत आणि जपान यांच्यातील व्यापार करार १ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. दुसरे म्हणजे, कुशल कामगारांसाठी जपानने एप्रिल २०१९ मध्ये नवा व्हिसा सुरू केला आणि त्यासंबंधी भारताशी जानेवारी २०२१ मध्ये समझोता केला. या व्हिसासाठी हातातील कसबाची परीक्षा आणि भाषेची परीक्षा अशा दोन्ही लागतात. भाषेसाठी जेएलपीटीची एन-४ पातळी किंवा जपान फाउंडेशनची प्राथमिक परीक्षा पुरेशी धरली जाते. म्हणजे वेल्डर, बांधकाम कारागीर, शेती किंवा हॉटेलचे काम करणारा, यांपैकी कोणालाही जपानी शिकण्याचे कारण आहे. घरबसल्या जरीकाम किंवा भरतकाम करणाऱ्या भगिनींनाही बाहेरच्या गिऱ्हाइकाशी थेट बोलता आले तर मधल्या माणसावर अवलंबून राहावे लागत नाही.

मराठी माणसाला अर्धी वाट मोकळी

जपानी अवघड आहे असे सर्वजण म्हणतात. लिपीच्या बाबतीत ते खरे आहे. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला प्रत्येकी ४६ अक्षरांच्या आहेत आणि त्यांच्या जोडीला चिनी चित्राक्षरे, म्हणजे कांजी, आहेत. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या कांजींची संख्या २१३६ आहे. परंतु अक्षरमालेचा क्रम पाहिला तर आपल्याला ओळखीचा वाटतो. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीचा बौद्ध भिक्षूंनी अभ्यास केला, त्यातून हा क्रम आला असे विद्वान मानतात. जपानी उभ्या ओळीत लिहिली की ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात. ज्यांना उर्दू वाचण्याची सवय आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

वाक्याची बांधणी तर आपल्या घरचीच आहे. क्रियापद शेवटी येते. विभक्तीचे प्रत्यय जसे आपण नामाच्या मागे जोडतो, तसे जपानीतही जोडतात. 'चा, ची, चे' यासाठी 'नो', 'पासून'साठी 'कारा', 'पर्यंत'साठी 'मादे'. प्रश्न विचारताना आपण शेवटी 'का' लावतो. जपानी माणूसही शेवटी 'का'च लावतो. 'वापरून बघतो' याला जपानीत 'त्सुकात्ते मिमासु' म्हणतात आणि त्यातील 'मिमासु'चा अर्थ खरोखरच 'बघतो' असा आहे. 'लिहून ठेवतो' म्हणजे 'काइते ओकिमासु', आणि 'ओकिमासु' म्हणजे 'ठेवतो'. ही सोय इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला मिळत नाही. लिंगभेद नाही, त्यामुळे 'तो आला, ती आली, ते आले' ही कटकटही नाही.

म्हणूनच आमचे सांगणे असे आहे की, जपानी धड्याचा अर्थ इंग्रजीत लिहून घेण्याऐवजी मराठीत लिहून घ्यावा आणि वाक्य मराठीच्या चालीवर रचावे.

साम्य फसवते ते येथे

मात्र साम्य आहे म्हणून बेसावध राहू नये. जेथे मराठीत एक शब्द आहे तेथे जपानीत दोन असतात, आणि वाचताना हे लक्षात येत नाही. स्वतः लिहायला बसले की लगेच अडते. तीन उदाहरणे देतो.

पहिले, 'आहे'. दुकानात माल आहे आणि दुकानात नोकर आहे, या दोन्ही ठिकाणी आपण 'आहे' म्हणतो. जपानीत निर्जीव वस्तूसाठी 'आरिमासु' आणि सजीवासाठी 'इमासु' आहे. 'मिसे नि शिनामोनो गा आरिमासु' म्हणजे दुकानात माल आहे. 'मिसे नि तेन-इन गा इमासु' म्हणजे दुकानात नोकर आहे. उलट लिहिले तर नोकर मालाच्या यादीत जातो.

दुसरे, 'दुकानात' मधील 'त'. दुकानात आहे, तर 'मिसे नि'. दुकानात काम करतो, तर 'मिसे दे हाताराकिमासु'. असण्याच्या जागेला 'नि' आणि काम करण्याच्या जागेला 'दे'.

तिसरे, 'दिले'. मी मित्राला दिले, तर 'आगेमाशिता'. मित्राने मला दिले, तर 'कुरेमाशिता'. देण्याघेण्याचा धंदा करणाऱ्याने हा फरक पहिल्या महिन्यातच पक्का करावा.

वाचताना ही तिन्ही वाक्ये समजतात आणि आपल्याला येत आहेत असा भास होतो. ते ओळखणे झाले. उस्तादाचे काम बघून शागिर्दाला समजते, पण रंधा हातात घेतल्यावरच कळते की हात बसला आहे की नाही. वाक्यांचेही तसेच आहे.

एक वाक्य, एकच बदल

नवशिक्यांची पहिली चूक अशी की ते मनात मोठे मराठी वाक्य तयार करतात आणि कोश उघडून त्याचा शब्दशः जपानी अवतार बनवतात. तो कोणालाही समजत नाही. त्याऐवजी धड्यातील एक बरोबर वाक्य घ्यावे आणि त्यात एकाच जागी बदल करावा. पुढील पायऱ्या पाहा.

'कोरे वा हाको देसु.' हे खोके आहे.

'कोरे वा कि नो हाको देसु.' हे लाकडाचे खोके आहे.

'कोरे वा चिची गा त्सुकुत्ता हाको देसु.' हे वडिलांनी बनवलेले खोके आहे.

'कोरे वा चिची गा क्योनेन त्सुकुत्ता हाको देसु.' हे वडिलांनी गेल्या वर्षी बनवलेले खोके आहे.

चार पायऱ्यांत सुताराचा मुलगा आपल्या मालाची माहिती सांगू लागला. मराठीत 'बनवलेले' हा शब्द जसा नामाच्या आधी येतो, तसाच 'त्सुकुत्ता' आला. हाच साचा धरून 'काल आलेला माल' म्हणजे 'किनोओ तोदोइता शिनामोनो' हेही लिहिता येते. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट नवी असल्यामुळे चूक झाली तरी कोठे झाली हे लगेच सापडते.

येथे लिहिण्यातील एक बारकावा सांगून ठेवतो. वरील वाक्यांत 'वा' असा जो उच्चार आहे, तो लिहिताना 'हा' या अक्षराने लिहितात. तसेच कर्माला लागणाऱ्या 'ओ' या प्रत्ययाचे अक्षर वेगळे आहे. केवळ कानाने शिकलेला माणूस येथे हमखास चुकतो.

खरे तेच लिहावे, आपलेच लिहावे

पुस्तकातील वाक्ये विद्यार्थ्यांसाठी आणि कंपनीतील नोकरांसाठी लिहिलेली असतात. 'मी वाचनालयात जातो' हे वाक्य चप्पल बनवणाऱ्याला काय कामाचे? त्याने 'मी चामड्याचा कारागीर आहे', 'वाताशी वा कावा-शोकुनिन देसु', येथून सुरुवात करावी. आज काय केले, कोण आले, काय विकले, उद्या काय करायचे, एवढेच लिहावे. खरी घडलेली गोष्ट लक्षात राहते. कल्पनेतील गोष्ट दुसऱ्या दिवशी विसरते.

जपानमध्ये शाळेतील मुलांना हीच रीत शिकवली गेली. १९५१ साली 'यामाबिको गाक्को' नावाचे एक पुस्तक तेथे फार गाजले. यामागाता प्रांतातील यामामोतो या गरीब डोंगराळ गावच्या शाळेतील मुलांचे ते लेखन होते. त्यांचे तरुण शिक्षक मुचाकु सेइक्यो यांनी त्यांना घरची शेती, घरखर्च आणि आईवडिलांचे कष्ट यांविषयी जसे असेल तसे लिहायला लावले. त्या मुलांजवळ फारसे शब्द नव्हते, पण सांगण्यासारखे होते. नवशिक्या कारागिराची स्थिती याहून वेगळी नाही.

आता अडचण येते ती आपल्या वाक्प्रचारांची. 'धंदा बसला', 'माल उठला', 'बोहनी झाली' ही वाक्ये जशीच्या तशी जपानीत नेली तर वाचणारा बुचकळ्यात पडेल, कारण त्याच्याकडे धंदा बसत नाही आणि माल उठत नाही. अशा वेळी स्वतःला विचारावे, खरोखर काय घडले? माल विकला गेला. मग 'शिनामोनो गा उरेमाशिता' एवढेच पुरे. बोहनी म्हणजे काय? आजचे पहिले गिऱ्हाईक आले. 'क्योओ नो साइशो नो ओक्याकुसान गा किमाशिता.' आपल्याजवळ जेवढे शब्द आहेत तेवढ्यांत बसेल असा अर्थ शोधणे, हेच या अभ्यासाचे मर्म आहे.

तारीख आणि नग यांत नुकसान लपलेले असते

व्यापाऱ्याने सर्वांत जास्त वाक्ये तारखांची आणि मोजदादीची लिहावीत. जपानीत चार तारखेला 'योक्का' म्हणतात आणि आठ तारखेला 'योओका'. दहा तारीख 'तोओका', तर वीस तारीख 'हात्सुका'. 'माल आठ तारखेला पाठवतो' हे 'शिनामोनो वा योओका नि ओकुरिमासु' असे होते. त्यात 'योक्का' लिहिले गेले तर गिऱ्हाईक चार दिवस आधीच वाट पाहू लागेल. जपानी व्यापारी वेळेच्या बाबतीत किती काटेकोर असतो हे सांगायला नको. कानाला हे दोन शब्द जवळजवळ सारखे वाटतात. हाताने लिहिले की फरक ठसतो. एकात छोटे 'त्सु' अक्षर येते, दुसऱ्यात 'उ'.

मोजण्याचेही तसेच. आपण नग, जोड, थान, बाटली असे वेगवेगळे मोजतो. जपानीतही प्रत्येक प्रकाराला वेगळा शब्द आहे. चपला-बुटांच्या जोडाला 'सोकु', कागदासारख्या पातळ वस्तूला 'माइ', बाटलीसारख्या लांबट वस्तूला 'होन', किमोनोच्या कापडाच्या थानाला 'तान'. शिवाय आकड्याप्रमाणे उच्चार बदलतो. एक बाटली 'इप्पोन', दोन 'निहोन', तीन 'सानबोन'. एक जोड 'इस्सोकु', दोन 'निसोकु', तीन 'सानझोकु'. हे कोष्टक पाठ करून थोडेच दिवस टिकते. त्यापेक्षा रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसून आज खरोखर किती जोड गेले, किती बाटल्या विकल्या, याचे एक वाक्य लिहावे. महिन्याभरात कोष्टक आपोआप बसते.

चुका कोणाकडून तपासाव्यात?

न तपासलेले चुकीचे वाक्य रोज लिहिले तर चूकच पक्की होते, ही शंका रास्त आहे. म्हणून आम्ही पुढील क्रम सुचवतो.

१) प्रत्येक वाक्य प्रथम धड्यातील नमुन्याशी ताडून पाहावे. नमुना सापडला नाही तर वाक्यासमोर प्रश्नचिन्ह करून ठेवावे.

२) आठवड्यातून एकदा वही शिक्षकांना किंवा आपल्यापेक्षा पुढे असलेल्या विद्यार्थ्याला दाखवावी. एका वेळी दहा वाक्येच द्यावीत, म्हणजे तपासणाराही कंटाळत नाही. प्रत्येक वाक्याखाली मराठीत अर्थ लिहावा. आपल्याला काय म्हणायचे होते हे कळल्याशिवाय दुरुस्ती नीट होत नाही.

३) दुरुस्त झालेले वाक्य तीन वेळा मोठ्याने वाचत लिहून काढावे. वहीच्या शेवटच्या पानांवर चुकांची खतावणी ठेवावी. 'नि' आणि 'दे' एका खात्यात, तारखा दुसऱ्या खात्यात. कोणते खाते फुगत आहे ते पाहिले की कोठे मेहनत करायची ते कळते.

४) वही चौकोनांची घ्यावी. जपानमध्ये निबंधासाठी २० गुणिले २० अशा ४०० चौकोनांचा कागद वापरतात. एका घरात एक अक्षर. छोट्या अक्षरालाही वेगळे घर मिळते, त्यामुळे 'योक्का'मधील छोटे अक्षर विसरत नाही. आपल्याकडील गणिताच्या वहीने हे काम भागते.

आजकाल मोबाइल क्षणात भाषांतर करून देतो, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. घाईच्या वेळी त्याचा उपयोग जरूर करावा. पण मराठीप्रमाणे जपानीतही कर्ता पुष्कळदा गाळला जातो. 'माल पाठवला' यात कोणी पाठवला हे यंत्र अंदाजाने ठरवते. तो अंदाज बरोबर की चूक हे ओळखायला चार वाक्ये आधी स्वतः लिहिलेली असावी लागतात. नाहीतर न वाचता येणाऱ्या कागदावर सही केल्यासारखे होते. यंत्र वापरायचेच तर प्रथम आपले वाक्य लिहावे आणि मग ते मराठीत उलटवून पाहावे. अर्थ वेगळा निघाला तर प्रश्नचिन्ह करून शिक्षकांना विचारावे.

जे रचायचे नाही, तेही ओळखा

एक गोष्ट मात्र स्वतः रचू नये. जपानी व्यापारी पत्राची सुरुवात आणि शेवट ठरलेले असतात. 'इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु', म्हणजे आपला स्नेह नेहमीच लाभत आहे, अशी सुरुवात. आणि 'योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु', म्हणजे आमच्यावर लोभ असू द्यावा, असा शेवट. आपल्या जुन्या पत्रांतील 'विनंती विशेष'सारखेच हे आहे. ही दोन वाक्ये जशीच्या तशी पाठ करावीत. मधली दोन-तीन वाक्ये आपली असावीत: 'शिनामोनो वा योओका नि ओकुरिमासु. हाको वा मित्त्सु देसु.' माल आठ तारखेला पाठवतो. खोकी तीन आहेत. साधी, छोटी, बिनचूक. असे पत्र कोणत्याही जपानी गिऱ्हाइकाला समजेल.

आपले नावही एकदाच नीट ठरवून काताकानात लिहावे आणि सर्व कागदांवर तसेच ठेवावे. जपानीत 'र' आणि 'ल' यांना वेगळी अक्षरे नाहीत, 'ख' आणि 'घ' नाहीत. त्यामुळे रफीक आणि लतीफ या दोघांचेही पहिले अक्षर एकच होते. एका कागदावर एक स्पेलिंग आणि दुसऱ्यावर दुसरे, असे झाले तर अडचणी वाढतात.

हिशोब सोपा आहे. रोज पाच वाक्ये, म्हणजे तीन महिन्यांत ४५०. त्यातील निम्मी सुरुवातीला चुकली तरी हरकत नाही, कारण ती आपल्या वहीत, लाल शाईने दुरुस्त होऊन राहतात. गिऱ्हाइकाच्या पत्रात झालेली चूक मात्र माल परत आणते. वर्गाची फी भरून केवळ परीक्षेपुरते शिकणाऱ्या तरुणांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, एक चौकोनी वही घ्यावी, पहिल्या घरात तारीख टाकावी आणि आज दुकानात किंवा कारखान्यात जे घडले त्याचे पहिले वाक्य आजच लिहावे.